अपघात, भरपाई आणि मुदत : वाचकांचे कायदेविषयक प्रश्न

या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे या वेळी अपघातात झालेल्या दुखापतीच्या भरपाईसंबंधी आहेत. प्रश्न निरनिराळे असले, तरी उशीर तर झाला नाही ना, ही चिंता जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. तिचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही, कारण दावा किती दिवसांत करायचा हे लागू होणाऱ्या कायद्यावरून ठरते. रस्त्यावर ट्रकच्या धडकेने मोडलेला पाय, लोकलमधून पडून मोडलेला पाय आणि कारखान्यातील यंत्रात सापडून मोडलेला पाय यांच्या मुदती वेगवेगळ्या आहेत. म्हणून निवडक पत्रांची उत्तरे येथे सविस्तर देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे पती १४ ऑगस्ट २०२५ रोजी रात्री कामावरून दुचाकीने घरी येत असताना ठाणे-बेलापूर रस्त्यावर एका टेम्पोने त्यांना मागून धडक दिली. मांडीच्या हाडात सळई घातली आहे आणि अजून एक शस्त्रक्रिया बाकी आहे. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला आहे. ओळखीचे लोक सांगतात की आधी उपचार पूर्ण होऊ द्या, न्यायालयात आरोपपत्र जाऊ द्या, मग भरपाईचे पाहू. टेम्पोमालक मधल्या काळात थोडी रक्कम देऊन प्रकरण मिटवू म्हणतो. आम्ही थांबावे का? — एक वाचक, ऐरोली

ताई, थांबू नका. आपल्याला मिळालेला सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असला, तरी तो नुकसान करणारा आहे.

मोटार वाहन कायद्यात भरपाईचा अर्ज कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. १९९४ च्या दुरुस्तीनंतर या अर्जाला अनेक वर्षे कोणतीच मुदत नव्हती, आणि ‘अपघाताचा दावा केव्हाही करता येतो’ हा समज त्या काळातला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत परत आणली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या तरतुदीच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आलेले आहे, आणि तो निर्णय होईपर्यंत केवळ सहा महिने उलटले या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला आहे. ज्यांची मुदत आधीच टळली आहे त्यांना या आदेशाचा आधार मोठा आहे आणि त्यांनी निराश न होता ताबडतोब अर्ज करावा. परंतु ज्यांच्या हातात अजून दिवस आहेत त्यांनी या आदेशाच्या भरवशावर एक दिवसही घालवू नये, कारण अंतरिम आदेश अंतिम निकालाबरोबर बदलू शकतो.

आपल्या बाबतीत हिशोब असा आहे. अपघाताचा दिवस मोजणीतून वगळला जातो आणि महिने पंचांगाप्रमाणे धरले जातात, दिवसांची बेरीज करून नव्हे. म्हणजे आपली मुदत १४ फेब्रुवारी २०२६ रोजी संपते. शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल तर ते उघडेल त्या दिवशी अर्ज घेतला जातो, पण ही सवलत अडचणीपुरतीच आहे. तिच्या आधाराने आखणी करू नये. मोजणी अपघाताच्या तारखेपासून होते. रुग्णालयातून घरी आल्याच्या, शस्त्रक्रिया पूर्ण झाल्याच्या किंवा आरोपपत्र दाखल झाल्याच्या तारखेचा तिच्याशी संबंध नाही. चालकावरचा फौजदारी खटला आणि आपला भरपाईचा दावा ही दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, तर न्यायाधिकरणापुढे कोणाची बाजू अधिक संभाव्य दिसते हे पाहिले जाते; त्यामुळे पुढे चालक निर्दोष सुटला, तरी तेवढ्याने दावा संपत नाही.

उपचार अपुरे असताना रक्कम कशी सांगायची, ही शंका रास्त आहे. अर्जात आजवरचा खर्च, पुढील शस्त्रक्रियेचा डॉक्टरांनी लेखी दिलेला अंदाज, बुडालेले वेतन आणि संभाव्य कायम अपंगत्व यांचा उल्लेख करून ठेवावा. बिले आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र नंतर पुराव्याच्या टप्प्यावर दाखल करता येतात. येथे एक गोष्ट पुष्कळ कुटुंबांच्या नजरेतून सुटते. वैद्यकीय अपंगत्व आणि कमाईची क्षमता घटणे या दोन गोष्टी एक नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात स्पष्ट केले आहे. पायात कायमचा अधूपणा आलेला हिशेबनीस आपले काम बहुधा पुढे चालू ठेवू शकतो, पण त्याच अधूपणामुळे ट्रकचालकाचा व्यवसायच जाऊ शकतो. म्हणून आपले पती नेमके कोणते काम करत होते, त्यात उभे राहावे लागते का, जिने चढावे लागतात का, हे अर्जात तपशिलाने लिहावे आणि मालकाचे पत्र जोडावे. पगाराच्या पावत्या नसतील तर बँकेचे खातेपुस्तक चालते.

पोलिसांच्या कर्तव्यालाही आता दिवस ठरवून दिलेले आहेत. २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अपघाताचा प्राथमिक अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे जायला हवा, जखमी व्यक्तीला तिच्या हक्कांची माहिती दहा दिवसांत लेखी मिळायला हवी आणि तपशीलवार अहवाल ९० दिवसांत सादर व्हायला हवा. तो तपशीलवार अहवाल न्यायाधिकरण भरपाईचा अर्ज म्हणूनच हाताळते. आपल्या प्रकरणात हे ९० दिवस उलटून गेले आहेत, तेव्हा पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन अहवाल पाठवला का, त्याचा क्रमांक काय, हे विचारा आणि पोच घ्या. अहवाल गेला असला तरी स्वतःचा अर्ज दाखल करणे मला अधिक सुरक्षित वाटते, कारण पोलिसांच्या अहवालात आपल्या कुटुंबाचे नुकसान आपण सांगू तितक्या नेमकेपणाने येत नाही.

टेम्पोमालकाकडून हातात पैसे घेऊन कोणत्याही कागदावर सही करू नका. विमा कंपनीकडून प्रस्ताव आला तर त्याहून अधिक सावध राहा. कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आणि मृत्यूसाठी पाच लाख रुपये मिळतात, पण ही रक्कम कायद्यातील पद्धतीने एकदा स्वीकारली की न्यायाधिकरणापुढचा कलम १६६ चा दावा संपुष्टात येतो. मांडीचे हाड मोडलेल्या, शस्त्रक्रिया बाकी असलेल्या कमावत्या माणसासाठी अडीच लाख हा आकडा फार अपुरा ठरू शकतो. मात्र आरोग्य विम्यातून काही बिले भागली असतील तर ती लपवू नका आणि त्यामुळे घाबरूही नका. मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे.

अर्ज अपघात जिथे झाला तेथील, आपण जिथे राहता तेथील किंवा प्रतिवादी जिथे राहतो तेथील न्यायाधिकरणात करता येतो. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, तर खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात येतात. नवी मुंबईकरांनी हा फरक लक्षात घ्यावा.

प्रश्न : सप्टेंबर २०२५ मध्ये पावसात घोडबंदर रस्त्यावर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात माझी स्कूटर आदळली आणि मी पडलो. मनगट आणि खांदा मोडला. समोर दुसरे वाहन नव्हते, त्यामुळे विमा कंपनी दाद देत नाही. खड्ड्याबद्दल कोणाला जबाबदार धरता येते का? — एक ज्येष्ठ वाचक, ठाणे पश्चिम

काका, विमा कंपनीचे म्हणणे तिच्या बाजूपुरते बरोबर आहे. सक्तीचा विमा हा तिऱ्हाईताला झालेल्या नुकसानीचा असतो आणि स्वतः वाहन चालवणारा मालक त्यात तिऱ्हाईत ठरत नाही. त्याच्यासाठी पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, परंतु ते मृत्यू, अवयव गमावणे किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व अशा प्रसंगांपुरते असते. हाड मोडून जुळले, तर त्यातून काही मिळत नाही.

आपला मार्ग दुसरा आहे, आणि तो अलीकडेच मोकळा झाला आहे. रस्त्यांच्या दुरवस्थेसंबंधी स्वतःहून दाखल करून घेतलेल्या २०१३ च्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी आदेश दिला की खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि दुखापत झाल्यास तिच्या स्वरूपानुसार पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी. चांगल्या आणि सुरक्षित रस्त्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे, ही त्यामागची भूमिका आहे. महापालिकेच्या हद्दीसाठी आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती भरपाई ठरवते. दावा केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत रक्कम द्यायची आहे, उशीर झाल्यास नऊ टक्के व्याजासह, आणि ही भरपाई इतर कायद्यांखालील भरपाईहून वेगळी आहे. कंत्राटदाराकडून किंवा दोषी अधिकाऱ्याकडून ती वसूल करण्याचे पुढचे काम यंत्रणेचे आहे. जखमी नागरिकाला त्यासाठी ताटकळत ठेवता येत नाही.

अडचण येते ती रस्ता कोणाचा या प्रश्नावर. आपल्याकडे एकाच रस्त्यावर महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि मेट्रोचे काम करणारे प्राधिकरण अशा अनेक यंत्रणा एकाच वेळी वावरत असतात आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. हा शोध घेणे जखमी माणसाच्या माथी येऊ नये असे मला तीव्रतेने वाटते. तरी वेळ वाचवण्यासाठी अर्जाच्या प्रती सर्व संबंधित यंत्रणांना आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना द्याव्यात. सोबत अपघाताच्या जागेची छायाचित्रे, त्या दिवसांतल्या खड्ड्यांच्या तक्रारी किंवा बातम्या, रुग्णालयातील पहिल्या नोंदीची प्रत आणि मदतीला धावलेल्या एखाद्या माणसाचे निवेदन असावे. रुग्णालयाच्या पहिल्या नोंदीत ‘स्कूटरवरून पडले’ इतकेच लिहिलेले असेल आणि खड्ड्याचा उल्लेख नसेल, तर साक्षीदाराच्या निवेदनाला जास्त महत्त्व येते.

याहून मोठ्या रकमेसाठी महापालिकेवर दिवाणी दावा करण्याचा विचार असेल, तर मात्र मुदत फार कडक आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ नुसार दाव्यापूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांत दाखल व्हावा लागतो. हे कलम खड्ड्यांच्या प्रकरणाला लागू पडते की नाही यावर वाद घालता येईल, पण तो वाद आपल्या दाव्यात व्हावा असा धोका पत्करू नये. सप्टेंबरचा अपघात म्हणजे मार्च २०२६ ही सीमा धरा, आणि नोटीस याच आठवड्यात पाठवा. राज्य शासनाच्या विभागाला प्रतिवादी करायचे झाल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस लागते.

प्रश्न : माझा एकोणीस वर्षांचा मुलगा महाविद्यालयातून परतताना गर्दीच्या वेळी कळवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान धावत्या लोकलमधून पडला. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. या घटनेला दहा महिने झाले आहेत. त्याचा मासिक पास त्या गडबडीत हरवला. दारात उभा होता म्हणून काही मिळणार नाही, असे सगळे सांगतात. — एक वाचक, दिवा

सर्वांचे म्हणणे चुकीचे आहे. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १२४-अ नुसार प्रवासी गाडीतून चुकून पडला, तर रेल्वेची चूक होती की नव्हती हे न पाहता भरपाई देय असते. आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न, स्वतः करून घेतलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशा किंवा वेडाच्या भरातील कृत्य आणि आजार यांचाच अपवाद आहे. गर्दीत आत शिरायला जागा न मिळाल्यामुळे दारात उभे राहणे यात बसत नाही. चढताना किंवा उतरताना पडणे म्हणजे स्वतः करून घेतलेली इजा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या रीना देवी निकालात म्हटले आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलमधून प्रवासी पडून जे मृत्यू झाले, ते या मार्गावरच्या प्रत्येक कुटुंबाच्या लक्षात आहेत. दारात लटकणे ही मुलांची हौस आहे असे म्हणणाऱ्यांनी संध्याकाळी सहाच्या सुमारास ठाणे स्थानकात उभे राहून पाहावे.

पास हरवल्याचे कारणही दाव्याच्या आड येत नाही. त्याच निकालानुसार तिकीट सापडले नाही एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असे ठरत नाही. दावेदाराने प्रवासासंबंधी प्रतिज्ञापत्र केले की ते खोडून काढण्याची जबाबदारी रेल्वेवर जाते. पास मोबाइल ॲपवरून काढला असेल तर व्यवहाराची नोंद बँकेत आणि ॲपमध्ये असेलच, आणि खिडकीवरून काढला असेल तर महाविद्यालयाने दिलेले सवलतीचे प्रमाणपत्र आणि जुने पास उपयोगी पडतात. स्टेशन मास्तरांच्या नोंदीची आणि लोहमार्ग पोलिसांच्या पंचनाम्याची प्रत आताच मागून घ्या.

अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे करायचा आहे आणि त्याची मुदत घटनेपासून एक वर्ष आहे. म्हणजे आपल्याकडे दोन महिने आहेत. वर्ष उलटून गेल्यावर पुरेसे कारण दाखवून विलंब माफ करून घेता येतो, आणि ज्यांचे वर्ष संपले आहे अशा वाचकांनी तो मार्ग जरूर वापरावा. मृत्यूची भरपाई १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख रुपये आहे; अवयव गमावल्याची रक्कम नियमांच्या अनुसूचीत अवयव आणि तो कुठून कापला गेला यावर ठरते, म्हणून शस्त्रक्रियेच्या कागदांवर पाय नेमका कुठे कापला याची स्पष्ट नोंद आहे ना, हे तपासून घ्या.

प्रश्न : महापे एमआयडीसीतील कारखान्यात मी कंत्राटदाराकडे कामाला होतो. मे २०२५ मध्ये प्रेस मशीनमध्ये माझ्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. कंत्राटदार दर महिन्याला ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतो, कारखाना म्हणतो तू आमचा कामगार नाहीस. माझे वय तीस आहे. — एक वाचक, घणसोली

प्रथम आपल्या पगारातून ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेची, वर्गणी कापली जात होती का, ते पाहा. जात असल्यास कायम अपंगत्वाचा लाभ राज्य कामगार विमा महामंडळाकडून मिळेल आणि मालकाकडे वेगळा दावा करता येणार नाही. नसल्यास कर्मचारी भरपाई कायदा १९२३ लागू होतो आणि त्यात मुदत अपघातापासून दोन वर्षांची, म्हणजे आपल्या बाबतीत मे २०२७ पर्यंत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली आहे, पण आपला अपघात त्याआधीचा असल्यामुळे जुन्या कायद्याची मुदत धरून चालावे.

कारखान्याचे उत्तर कायद्यात टिकत नाही. काम कारखान्याच्या व्यवसायाचा भाग असेल तर कंत्राटदाराच्या कामगाराची भरपाई मुख्य मालकाकडून मागता येते. कंत्राटदाराकडून ती नंतर वसूल करणे हे त्याचे काम आहे. अर्जात दोघांनाही प्रतिवादी करा. एका हाताची दोन बोटे गेल्यास कमाईच्या क्षमतेतील घट कायद्याच्या अनुसूचीत वीस टक्के धरली आहे. वेतन महिना पंधरा हजार धरले, तर त्याचे साठ टक्के म्हणजे नऊ हजार, गुणिले तीस वर्षांच्या वयाचा गुणक २०७.९८, आणि त्याचे वीस टक्के, असे तीन लाख ७४ हजार ३६४ रुपये होतात. रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात न दिल्यास बारा टक्के व्याज लागते, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. कंत्राटदाराने किरकोळ रक्कम देऊन ‘माझे काही येणे नाही’ अशा कागदावर सही घेतली असली, तरी भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने निरर्थक ठरतो.

प्रश्न : रुग्णालयात भेटलेला एक माणूस ‘खर्च काही नाही, मिळालेल्या रकमेतले तीस टक्के द्या’ असे म्हणतो. हे योग्य आहे का? — एक वाचक, कोपरी

योग्य नाही. मिळणाऱ्या भरपाईतील हिस्सा ठरवून फी घेण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे, आणि रुग्णालयात पक्षकार गाठत फिरणाऱ्या मध्यस्थाला तर कसलाच अधिकार नाही. कोऱ्या वकीलपत्रावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही केली असेल तर ती लेखी पत्राने रद्द करा. स्त्रिया, बालके, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. त्यासाठी ठाण्यातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा अर्ज द्यावा, किंवा १५१०० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर दूरध्वनी करावा. अर्जात अपघाताची तारीख सर्वांत वर लिहा, म्हणजे आपली मुदत केव्हा संपते हे तेथील कर्मचाऱ्यांना पहिल्याच ओळीत दिसेल.